तुम्ही विचारलंत म्हणून: बाई असून रेगेटॉन आवडतं तरी कसं?

रेगेटॉन म्हणजे प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावर वाढलेलं, रॅप आणि नाचाच्या ठेक्याचं स्पॅनिश संगीत. हा प्रश्न मला बहुतेक वेळा बायकाच विचारतात, आणि तो रास्त आहे. सुरुवातीच्या रेगेटॉनचे व्हिडिओ बघा, कॅमेरा बाईच्या चेहऱ्यापर्यंत क्वचितच पोचतो. तरीही मला ते आवडतं, आणि त्याचं कारण आयव्ही क्वीन ही गायिका-रॅपर.

मार्ता इवेलिसे पेसांते हे तिचं खरं नाव, ती मूळची प्वेर्तो रिकोतल्या आन्यास्कोची. नव्वदच्या दशकात ती राजधानी सान हुआनला डीजे नेग्रोच्या ‘द नॉइज’ या गटात आली, तेव्हा आजूबाजूला सगळे मुलगेच. हे संगीत तेव्हा कॅसेटवरून हातोहात फिरायचं. 1995 मध्ये पोलिसांनी दुकानांवर छापे घालून त्या कॅसेट जप्तही केल्या होत्या. तिथे ही मुलगी मुलांसारखे ढगळ कपडे घालून, जाड, खरखरीत आवाजात रॅप करायची. 1997 मधल्या पहिल्या अल्बमचं नाव तिने ठेवलं ‘एन मी इंपेरिओ’, म्हणजे ‘माझ्या साम्राज्यात’. नवख्या मुलीने असं नाव ठेवावं, याचंच मला अप्रूप वाटतं.

रेगेटॉनवरचा नाच म्हणजे पेरेओ. बाई पुरुषाकडे पाठ करते आणि दोघं अंगाला अंग लावून नाचतात. यात बाईची विटंबना होते, अशी ओरड होती. 2002 मध्ये सिनेटर वेल्दा गोन्सालेस यांनी त्याविरुद्ध मोहीमच उघडली. ती काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण नाचणारीला स्वतःला काय हवंय?

ते 2003 मध्ये आयव्ही क्वीनने ‘किएरो बायलार’मध्ये सांगितलं. मला नाचायचंय, तुला मला चिकटून घामाघूम व्हायचंय, तर होऊ दे. पण म्हणून मी तुझ्या बिछान्यात येईन असं समजू नकोस. हा नकार सोवळ्यातला नाही. जिला त्या नाचाची, त्या स्पर्शाची मजा हवीये, तीच कुठे थांबायचं तेही ठरवते, आणि तेही घाबरत, माफी मागत नाही. आपल्याला काय शिकवलेलं असतं? हसलीस, जवळ गेलीस, आता पुढचं तूच ओढवून घेतलंस. हे गाणं तो हिशेबच उधळून लावतं, आणि तेही भर डान्स फ्लोअरवर, लोक नाचत असताना.

सगळ्या गायिकांच्या वाट्याला आयव्ही क्वीनसारखं नाव आलं नाही, याचा मला राग आहे. 2004 मध्ये डॅडी यँकी या रॅपरचं ‘गासोलिना’ जगभर वाजलं. त्यात ‘अजून दे’ म्हणणारा आवाज ग्लोरी या गायिकेचा. तो काढून टाकला तर गाण्यात उरतं काय? तरी ग्लोरीचं नाव किती जणांना ठाऊक आहे? आणि 2020 मध्ये बॅड बनी या गायकाने ‘यो पेरेओ सोला’ काढलं, एकटीने नाचू पाहणाऱ्या बाईचं गाणं, तेव्हाही त्यात गाणाऱ्या नेसीचं नाव आधी श्रेयात नव्हतंच.

तुम्हाला एकच गाणं ऐकून मत बनवायचं असेल, तर ‘गासोलिना’ नको. ‘किएरो बायलार’ ऐका, आणि शब्दांचा अर्थ शोधून मगच ऐका.