डेना अँड्र्यूजला एक साधं नॉमिनेशन पण नाही

परवा शनिवारी 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' परत बघितला, चौथ्यांदा. नौपाड्यात आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, कोणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी टाकून जुने ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर बघतो, आणि सगळ्यांना डेना अँड्र्यूज या हॉलिवूडच्या नटाचं वेड मी लावलंय. बोगार्ट सगळ्यांना माहीत असतो, जेम्स स्टुअर्ट तर घरचाच, पण डेना म्हटलं की लोक विचारतात, ती कोण?

1946 चा पिक्चर, विल्यम वायलरचा, युद्धावरून परत आलेल्या तिघांची गोष्ट. सात ऑस्कर मिळाले त्याला. फ्रेड्रिक मार्चला मिळालं, सैन्यात असताना अपघातात खरंच दोन्ही हात गेलेल्या हॅरल्ड रसेलला तर एकाच रोलसाठी दोन मिळाली, आणि ते योग्यच आहे, माझी काही तक्रार नाही. पण पिक्चर ज्याच्या खांद्यावर उभाय त्या डेनाला साधं नॉमिनेशन नाही, तेव्हाही नाही आणि आयुष्यात कधीच नाही.

मला वाटतं त्याचं कारण असं की तो काही करताना दिसतच नाही. आपण गडकरीला नाटकं बघत मोठे झालो, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे ही आपली सवय, आणि हा माणूस आतलं सगळं दातांमागे धरून बोलतो, डोळे मात्र लपत नाहीत. 'लॉरा'मध्ये (1944) खून झालेल्या बाईच्या घरात हा डिटेक्टिव्ह रात्री एकटाच फिरतो, कपाट उघडतो, तिचं पेंटिंग बघत बसतो, आणि प्रेमात पडलाय हे एकही शब्द न बोलता कळतं. बरं, गाणं शिकलेला माणूस, तरी 'स्टेट फेअर'मध्ये स्टुडिओने गाण्यांना दुसऱ्याचा आवाज दिला तर हा गप्प राहिला!

बेस्ट इयर्समधला फोनबूथचा सीन तर मी कोणालाही दाखवते. मार्च त्याला सांगतो की माझ्या मुलीला भेटणं बंद कर, तो उठतो आणि लांब कोपऱ्यातल्या बूथमध्ये जाऊन तिला फोन करतो. पुढे रसेल हुकांनी पियानो वाजवतोय, सगळे तिकडे बघतायत, डेना मागे एवढासा दिसतो, काय बोलला ते ऐकूच येत नाही, फोन ठेवून तो बाहेर पडतो आणि आपल्या पोटात खड्डा पडतो. ग्रेग टोलंडचा कॅमेरा ग्रेट आहेच, पण तेवढ्याशा आकृतीतून ते पोचवणं याला अभिनय नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

या वेळी बाबांनाही बसवलं होतं. बाबा वागळे इस्टेटला एका कंपनीत फिटर होते, कंपनी बंद पडली तेव्हा मी नववीत होते, त्यावर ते घरात कधी काही बोलले नाहीत, मायक्रोमीटर मात्र अजून तेल लावून पिवळ्या फडक्यात ठेवलेला आहे. इंग्रजी फार कळत नाही म्हणून मी मधे मधे सांगत होते, की हा विमानातून बॉम्ब टाकणारा ऑफिसर होता, मेडल मिळालंय, आता दुकानात सोडा-आइस्क्रीम विकायची नोकरी होती तीही गेली. मग तो भंगारात काढलेल्या विमानांमध्ये फिरतो तो सीन आला. एका बॉम्बरच्या नाकाडात चढून आपल्या जुन्या जागेवर बसतो, धुळीने माखलेली काच, मागे इंजिनांच्या घरघरीसारखं म्युझिक, आणि त्याच्या कपाळावर घाम. मी सांगायचं थांबले. बाबा पुढे सरकून बसले.

"इंजिनंच नाहीत गं याला," म्हणाले. थोड्या वेळाने, स्क्रीनकडे बघतच, "आमच्या लेथ पण अशाच नेल्या. आधी मोटरी काढल्या."

कोणी काही बोललं नाही. मग म्हणाले, "जरा मागे घे. त्याचा चेहरा परत बघू दे."