मोपाहून गेले, दाबोळीला उतरले

आमचं घर पेडण्यात. मोपाच्या ज्या सड्यावर विमानतळ झाला तिथे लहानपणी आम्ही करवंदं काढायला जायचो, त्यामुळे तिथूनच विमानात बसून ऑफिसच्या कामाला जायचं म्हटल्यावर काय वाटलं असेल ते सांगायला नको. सप्टेंबर २०२४, हैदराबादला भातावरची परिषद, दोन दिवस. सरांचं ऐनवेळी रद्द झालं आणि प्रोजेक्टचं पोस्टर घेऊन मी एकटीच निघाले.

मी खाजन शेतीवर काम करते. गोव्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते, खाजन म्हणजे नदीकाठची, भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली जमीन. बांधाला मानस असते, लाकडी दारं. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं आणि भरतीचं पाणी तेच दार बाहेरून दाबून बंद करतं, माणूस लागत नाही. गोव्यात अशी सतरा-अठरा हजार हेक्टर जमीन आहे आणि तिथलं आपलं जुनं भात म्हणजे कोरगुट, मीठ सोसणारं. लोटली गावच्या खाजनात मी सहा वर्षं महिन्यातून दोनदा खारेपणा मोजायचा मीटर घेऊन फिरतेय, तिथली एकेक मेर, म्हणजे शेतांमधला लहान बांध, पायाखालची आहे.

जातानाच त्रास सुरू झाला. काउंटरवरच्या मुलीने पोस्टरची नळी बघितली आणि म्हणाली हे आत नेता येणार नाही, सामानात टाका. मी खूप विनवलं, तीन महिन्यांचं काम आहे हो त्यात, पण नाहीच. मग सिक्युरिटीला माझी फाइल उघडली. त्यात वर्तमानपत्राच्या घडीत गेल्या वर्षीच्या कोरगुटच्या लोंब्या होत्या, दाखवायला घेतलेल्या. सीआयएसएफच्या मॅडमनी एक लोंबी उचलली, कुसळांवरून बोट फिरवलं, एक दाणा नखाने सोलला, आतून लाल निघाला. ‘धान है?’ म्हणाल्या. मी म्हटलं हो, खारे पानी का. त्यांनी सगळ्या लोंब्या नीट परत घडीत ठेवल्या आणि मागे लाइन असूनही फाइलचा दोरा स्वतः बांधून दिला. पुढे विमान दोन तास उशिरा, का ते कोणी सांगेना, बोर्डवर वेळ नुसती पुढे सरकत होती, पण गेटपाशी बसून आईने दिलेली चपाती नि बटाट्याची भाजी शांतपणे खाल्ली, हेही खरं.

हैदराबादला पट्ट्यावर नळी आली ती झाकण नसलेली, एका कोपऱ्याला पाणी लागलेलं. पोस्टर लावलं तसंच. पहिलं सत्र गेलंच होतं. पण दुपारी ओडिशाकडचे एक वयस्कर शास्त्रज्ञ त्या ओल्या कोपऱ्यापाशी अर्धा तास उभे राहिले, मानशीचं चित्र बघून म्हणाले आमच्याकडे असं आपोआप चालणारं दार नाही, आणि दोनदा मला दार कसं फिरतं ते हाताने करून दाखवायला लावलं. तेवढ्यासाठी आले होते असं वाटलं.

परतीच्या दिवशी खरा घोळ. ऑफिसच्या तिकीटवाल्याने जाताना मोपा आणि येताना दाबोळी काढलं होतं. तिकिटावर दोन्हीकडे नुसतं ‘गोवा’ वाचून मी पुढे गेले होते, बारीक अक्षरातला कोड कोण बघतं, मोपाचा जीओएक्स आणि दाबोळीचा जीओआय. बोर्डिंगच्या रांगेत दिसलं तोवर भावाचा फोन, ताई मी निघालोय मोपाला. दाबोळी ते पेडणे म्हणजे अख्खा गोवा ओलांडायचा, पणजीला बस, म्हापशाला बस, मग पेडण्याची मिळाली तर. रडायला आलं, खोटं कशाला बोलू. राग अजून आहे, बुक करणाऱ्याला दोन विमानतळ माहीत नसावेत हे मला पटत नाही.

विमानात डावीकडची खिडकी मिळाली. वारा पश्चिमेचा असला की दाबोळीला विमान पूर्वेकडून, जमिनीवरून उतरतं. ढगातून खाली आलो आणि बोरीचा पूल दिसला, जुवारी नदी दिसली, आणि तिच्या कुशीत लोटली. मी ज्यावर चालते ते सगळं पहिल्यांदा वरून, बांध म्हणजे एक रेघ, पोंयचं, म्हणजे खाजनातल्या ओहोळाचं, पाणी चकाकत वळलेलं, वळणावर काळा ठिपका तो मानशीचा. माझे हात थंड पडले. सगळं हिरवंगार, फक्त पोंयच्या वळणापासून तिसऱ्या मेरेपाशी, बांधाला लागून, एक पंखा पसरावा तसा पिवळा डाग. खाली उभं राहून तो कधी दिसला नव्हता, कारण त्या बाजूला कमरेएवढं गवत आहे, आम्ही तिकडून जातच नाही. नेव्हीचा तळ म्हणून फोटो काढला नाही. बोर्डिंग पासच्या मागे पेनाने काढलं, पोंय, वळण, तीन रेघा, डाग. पुढच्या मिनिटाला जुवारीचा नवा पूल गेला आणि चाकं टेकली.

घरी पोचायला रात्रीचे साडेदहा झाले.

तिसऱ्या दिवशी लोटलीला गेले. तिथले आमचे शेतकरी काका, वयाने सत्तरीचे, त्यांनी बोर्डिंग पास उलटा धरला, मग सुलटा, आणि डागावर बोट ठेवून म्हणाले, ‘हांगा पळय गो बाय, कुर्ल्यो.’ गवत बाजूला करत गेलो तर बांधाच्या पोटात खेकड्यांची बिळं, तीन, त्यातलं एक मूठ जाईल एवढं, भरती चढत होती आणि त्यातून बारीक धार आत येत होती. मी मीटर घातला. खारेपणा ३ डेसिसायमनच्या पुढे गेला की साधं भात मार खातं आणि पावसाळ्यात त्या जागी माझ्या वहीत २च्या वर आकडा नाही. मीटरवर ९ आलं. काकांनी तोवर चिखलाचा गोळा उचलला होता, मी पोस्टरची ती नळी खाली ठेवली आणि दुसरा उचलला.