खाली बर्फ, वर बास्केटबॉल

टोरोंटोत एका आइस रिंकवर मी चेंजओव्हर क्रूमधे काम करतो. म्हणजे रात्री हॉकी संपली की कडेच्या काचा काढायच्या, बर्फावर इन्सुलेशनचे जाड डेक अंथरायचे, त्यावर आठ बाय चारची लाकडी पॅनल्स एकात एक बसवून पिना मारायच्या आणि सकाळपर्यंत बास्केटबॉलचं कोर्ट तयार. बर्फ वितळवत नाहीत, तो खाली तसाच असतो. गावाकडे फोनवर सांगितलं तर कोणाला खरंच वाटत नाही.

मार्चमधला शनिवार होता, आदल्या दिवसापर्यंत कडाक्याची थंडी आणि त्या दिवशी अचानक कोमट पाऊस. कोर्ट रात्रीच लावून झालं होतं, सगळं ठीक होतं, पण दुपारी सामानाचा ट्रक आला आणि मागचं मोठं शटर बराच वेळ उघडंच राहिलं. टीम्स वॉर्मअपला उतरल्या. मी बेसलाइनपाशी उभा होतो आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं, काय ते पटकन कळेना. मग लक्षात आलं, बुटांचा आवाजच नाही! कोरड्या लाकडावर बूट कसे चर्र चर्र वाजतात, तो आवाज हळूहळू बंद झाला होता. खाली बसून फ्री थ्रो लाइनच्या पेंटवर बोट फिरवलं तर मागे ओली रेघ उमटली. तेवढ्यात एक पोरगा लेअपला (धावत जाऊन जवळून बास्केट टाकायला) गेला आणि पाय सटकून सरळ खांबापर्यंत घसरत गेला. नशीब, लागलं नाही. रेफरींनी बॉल काखेत घेतला आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

सगळे टॉवेल घेऊन धावले. पुसलं की दोन मिनिटांत परत ओलं. कारण पाणी वरून सांडलेलं नव्हतंच, बाहेरची दमट हवा आत आली होती आणि बर्फामुळे गार पडलेल्या लाकडाला लागून तिचं पाणी होत होतं. अशा वेळी पुसून उपयोग नाही, हवाच कोरडी करावी लागते. मी शटर पाडलं, फोरमनने डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारी मशिन्स) फुल केले, कोर्टाच्या चारी कोपऱ्यांना मोठे पंखे लावले. मग वाट बघणं आलं.

आमच्यात एक पंजाबी पाजी आहेत, मोप हातात धरून चिडून म्हणाले, बर्फावर बास्केटबॉल खेळायची आयडिया कोणाची रे? म्हणलं पाजी, ही आयडिया नसती तर एनबीएच नसती, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची सगळ्यात मोठी लीग. आणि मग मी सुरूच झालो, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

6 जून 1946 ला न्यूयॉर्कमधे जी लीग स्थापन झाली (बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका, 1949 मधे तिचीच एनबीए झाली) ती काढणारे मुख्यतः हॉकीच्या रिंकांचे मालक होते. हॉकी नसेल त्या रात्री हॉल रिकामा पडायचा, तो भरायला दुसरा खेळ हवा होता. पहिली मॅच कुठे झाली तर इथेच, टोरोंटोत, मेपल लीफ गार्डन्समधे, 1 नोव्हेंबर 1946 ला. टोरोंटो हस्कीज विरुद्ध न्यूयॉर्क निकरबॉकर्स, म्हणजेच निक्स. लोकांनी यावं म्हणून जाहिरात अशी की हस्कीजचा 6 फूट 8 इंचाचा जॉर्ज नॉस्ट्रँड, त्याच्यापेक्षा जो उंच असेल त्याला तिकीट फुकट! 7,090 लोक आले. पहिली बास्केट निक्सच्या ऑसी शेक्टमनची. निक्स एकदा 33-18 ने पुढे होते, तिथून हस्कीजनी गाठलं, तिसरा क्वार्टर संपताना 48-44 अशी आघाडीही घेतली आणि शेवटी 66-68 असे दोन पॉइंटने हरले. पाजी हळहळले, जणू कालचीच मॅच.

मग विचारतात, त्यांचीही मॅच कधी अशी अडकली का? म्हणलं अडकली ना, त्याच आठवड्यात, बॉस्टनला. बॉस्टनच्या टीमची, सेल्टिक्सची, पहिली घरची मॅच आणि वॉर्मअपमधेच त्यांच्या चक कॉनर्सच्या हातून काचेचा बॅकबोर्ड (रिंगच्या मागचा बोर्ड) फुटला. दुसरा बॅकबोर्ड होता बॉस्टन गार्डनमधे, आणि तिथे त्या रात्री रोडिओ (बैल-घोड्यांवर बसायच्या कसरतींचा खेळ) चालू, बोर्ड बैलांच्या मागे ठेवलेला. तिथून काढून आणेपर्यंत पब्लिक ताटकळत बसलं. कॉनर्सचं नाव राहिलं, पुढे तो मोठा नटही झाला. पण बैलांच्या मागून बोर्ड बाहेर काढला कोणी, नवीन बोर्ड नीट बसवला कोणी, हे मला त्या सगळ्या किश्श्यांपेक्षा जास्त जाणून घ्यावंसं वाटतं. त्या सीझनला 11 टीम होत्या, टीममागे साधारण 60 मॅचेस, म्हणजे सगळ्या गावांत मिळून किती वेळा कोणीतरी रात्रभर लाकूड अंथरलं आणि उचललं असेल! आणि ते इतकं करून हस्कीज त्या एका सीझननंतर बंद. टोरोंटोला परत टीम मिळाली थेट 1995 ला.

बोलता बोलता फोरमनने हाक मारली. बोट फिरवलं, कोरडं. रेफरी स्वतः कोर्टभर पाय घासत फिरले, विशेष करून बास्केटखाली आणि मधल्या सर्कलवर, तिथे पेंट जास्त म्हणून ओल आधी तिथेच धरते. काही पालक तोवर कटकट करत होते, मुलं लांबून आलीयेत, खेळू द्या ना. मला मात्र तो रेफरी शंभर टक्के बरोबर वाटला, घाई केली असती तर एखाद्या पोराचा गुडघा गेला असता.

मॅच उशिरा सुरू झाली, पण पूर्ण झाली. फोरमनने त्याच संध्याकाळी शटरच्या बटणाशेजारी हवेची आर्द्रता दाखवणारा मीटर लावला, आता कोर्ट अंथरलेलं असताना त्यावरचा आकडा बघितल्याशिवाय कोणी शटर उघडायचं नाही. आणि आम्ही पॅनल्स उचलायला लागलो, सकाळी सातला हॉकीची प्रॅक्टिस होती.