पंखा गार करतोय, हीटर गरम करतोय : 35 लिटरच्या टँकची उन्हाळी नोंदवही

आठवडा 1

माशांचा टँक 45×30×30 सेंमीचा. नावाला 40 लिटर, पण वाळू, दगड आणि लाकूड वजा जाता पाणी 35 लिटरच. आत आठ निऑन टेट्रा, सहा पिग्मी कोरिडोरस (दोन्ही छोटे मासे) आणि मोजायचा नाद कधीच सोडलेल्या चेरी श्रिम्प, म्हणजे इवल्या कोळंब्या. मोठ्या टँकला एखादी कडक दुपार फारशी जाणवत नाही. हा मात्र खोलीच्या मागोमाग तापतो.

काचेवरची तापमानाची चिकटपट्टी 29 दाखवत होती, डिजिटल थर्मामीटर 31.2. खरा कोण ते ठरवायला कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून डिजिटलचा सेन्सर बुडवला. 0.3 आलं. पट्टी त्याच दिवशी काढून टाकली. गेल्या वर्षीच्या सगळ्या नोंदी त्या पट्टीच्या आहेत, त्यामुळे त्या आता बाद.

पहाटे पाचला उठलो तर टेट्रा पृष्ठभागाशी तोंड लावून होते. दिवसा एकदम ठणठणीत. 20 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, 30 अंशांना 7.5 च. वर उकाड्यात माशांची गरज वाढते, आणि रात्री टँकमधली झाडंही ऑक्सिजन घेतातच. म्हणजे खरी कसोटी दुपारी दोनला नसते, उजाडायच्या आधी असते. एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) रात्रभर चालू ठेवला, फिल्टरची धार पाण्यावर आपटेल अशी पातळी दोन बोटं खाली आणली. दुसऱ्या पहाटे सगळे मधल्या थरात. तापमान तेवढंच होतं, तरीही.

आठवडा 2, बर्फाची बाटली

करू नका असं सगळे सांगतात आणि सगळेच एकदा करतात. अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली सोडली की पाणी तासाभरात 31 वरून साडेएकोणतीसच्या आसपास यायचं आणि तीन तासांत परत जागेवर. मग मी शहाणपणा केला : दोन बाटल्या एकदम. चाळीस मिनिटांत पावणेतीन अंश खाली. दुसऱ्या दिवशी अर्धवट कात टाकलेल्या दोन श्रिम्प मेलेल्या सापडल्या. बाटल्यांमुळेच मेल्या हे सिद्ध करता येणार नाही, पण माझ्या मनात शंका नाही. 30 अंशांत त्या आठवडाभर तग धरून होत्या.

बाटली आता फ्रीजरमध्ये आहे ती फक्त वीज गेली तर म्हणून. तेव्हाही एकच, आणि बॅटरीवरचा एअर पंप आधी.

आठवडा 3, पंखा

झाकण काढलं, वर जाळी बसवली (टेट्रा उडी मारतात, हे शिकायला मासा गमवायची गरज नाही) आणि संगणकातला 12 सेंमीचा पंखा टँकच्या काठावर असा लावला की वारा पाण्यावरून तिरका सरकत जाईल. सरळ खाली मारणारा पंखा मला कमी कामाचा वाटला, दमट हवा तिथेच घुटमळते. पंख्याची वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन नेली आहे, म्हणजे थेंब ओघळला तरी सॉकेटपर्यंत पोचत नाही.

दुपारचं पाणी 31.2 वरून 27.9 वर आलं. अडीच वॅटचा पंखा! हिशेब मांडला तेव्हा पटलं. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता शोषतो, तर एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2,400 किलोज्यूल जातात. माझ्या टँकमधून दिवसाला 800 मिली उडत होतं, म्हणजे सरासरी बावीस वॅट सतत बाहेर.

रात्री तापमान 26 वर अगदी स्थिर. तीन दिवस मी स्वतःवर खूश होतो. चौथ्या रात्री झाडांमागे लाल दिवा दिसला. हिवाळ्यातला हीटर तसाच लावलेला, 26 वर सेट. पंखा रात्रभर गार करत होता, हीटर रात्रभर गरम. हीटर काढला तर पहाटे 24.3. दिवस-रात्रीत साडेतीन अंशांचा झोका नको म्हणून टेंपरेचर कंट्रोलर जोडला : 27.5 ला पंखा चालू, 26.5 ला बंद.

आठवडा 4-5, पंख्याची किंमत

उडतं ते पाणी, क्षार मागेच राहतात. रोज 150 टीडीएसचं (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) नळाचं पाणी क्लोरीन घालवून टॉप-अप करत होतो, आणि पंधरवड्यात पाणी बदललं नव्हतं. टीडीएस 182 वरून 230. टेट्रांना फरक पडलेला दिसला नाही, पण श्रिम्पच्या बाबतीत असा चढता आकडा मला नको. आता टॉप-अप फक्त आरओच्या पाण्याने, आणि आठवड्याचा पाणी बदल मात्र नेहमीच्याच पाण्याने. ही दोन कामं वेगळी आहेत हे मी इतके दिवस धरलंच नव्हतं.

खाणं निम्म्यावर आणलं. उरलेलं अन्न गरम पाण्यात लवकर सडून अमोनिया होतो, आणि त्याचा विषारी वाटा तापमानाबरोबर वाढतो : पीएच 8 ला 25 अंशांवर 5.4 टक्के, 30 ला साडेसातच्या जवळ. दिवा सहा तासांवर आणून सूर्यास्तानंतर ठेवला. फिल्टरची पाण्यात बुडवलेली 5 वॅटची मोटर म्हणजे 5 वॅटचा हीटरच, म्हणून ती काढून एअर पंपावरचा स्पंज फिल्टर लावणार आहे. उपयोगी जिवाणू धरावेत म्हणून जुन्या फिल्टरमध्ये त्याचा स्पंज सध्या मुरत ठेवलाय.

आठवडा 6

आभाळ भरून आलं, हवा चिकट झाली आणि पंखा जवळपास बेकार. टॉप-अप 800 वरून 300 मिलीवर, तापमान फक्त सव्वा अंशाने कमी. ज्यांना आधीच अंदाज घ्यायचाय त्यांनी थर्मामीटरच्या टोकाला ओला कापूस गुंडाळून पंख्यासमोर धरावा. थोड्या वेळाने जो आकडा स्थिरावतो, त्याच्या खाली कोणताही पंखा पाणी नेऊ शकत नाही. माझ्याकडे काल 27.4 आला. म्हणजे कंट्रोलरवरचा 26.5 चा आकडा गाठला जाणारच नव्हता, पंखा अखंड फिरत बसला होता.

दुसरा पंखा लावून पाहिला, 0.3 अंश मिळाले. काढला. चिलरचा (पाणी गार करणाऱ्या यंत्राचा) विचार दोनदा केला, पण तो टँकमधली उष्णता त्याच खोलीत ओततो, आणि माझी खोली आधीच पुरेशी तापलेली असते. सध्या दमट दिवसांत 29.5 सोसायचं, एअर स्टोन चोवीस तास, आणि खाणं एक दिवसाआड. आज पहाटे टेट्रा खालीच होते, आणि वाळूवर एक अंडी धरलेली श्रिम्प फिरताना दिसली.