दुपारची गोळी

"काकू, काल दुपारची गोळी किती वाजता घेतली?" रक्त काढणाऱ्या मुलानं सहज विचारलं.

आई गप्प. मग हळूच म्हणाली, "चार दिवस झाले, घेतच नाही मी."

धरमपेठेतल्या लॅबमध्ये, सकाळी 8 वाजता, कॉर्टिसोलच्या तपासणीला बसलेलो असताना मला हे कळलं.

संधिवातासाठी तिनं 3 वर्षं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतलं. बाहेरून इतकं मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसोल हे हार्मोन बनवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथींना मेंदूकडून येणारा निरोपच मंदावला. आता ते हळूहळू उतरवून हायड्रोकॉर्टिसोन सुरू आहे. सकाळी जास्त, दुपारी थोडं. शरीर स्वतः बनवतं, तेच हार्मोन. ग्रंथी जाग्या व्हायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त.

"बंद का केली गं?"

"शेजारच्या वहिनी म्हणाल्या, स्टेरॉइड हाडं खातं."

वहिनी खोटं बोलल्या नाहीत. जास्त डोस वर्षानुवर्षं चालला तर हाडं ठिसूळ होतात. पण ही गोळी तिच्या शरीरातली उणीव भरून काढते. ती अशी अचानक सुटली आणि त्यात ताप किंवा उलट्या झाल्या, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

चार दिवस ती जिना चढताना कठडा धरत होती. मला वाटलं, नागपूरचं ऊन बाधलं.

लॅबच्या पायऱ्यांवरूनच डॉक्टरांना फोन लावला. गोळी पुन्हा सुरू झाली.

पण डोक्यातून एक जात नाही. वहिनींनी तिला दोन मिनिटं बसून सांगितलं. मी कधी सांगितलं होतं, ही गोळी कशासाठी आहे ते?