पांढरी चकली नव्हे, मुरुक्कु

"पांढरी चकली आहे का हो तुमच्याकडे?"

आठवड्यातून दोन-तीन फोन तरी याच वाक्याने सुरू होतात. पूर्वी मी लगेच दुरुस्त करायला जायचे. आता आधी "आहे" म्हणते, ऑर्डर लिहून घेते आणि मग सांगते की बाई, ती चकली नाही, मुरुक्कु आहे. गिऱ्हाइकाला त्याने काही फरक पडत नाही. मला पडतो.

माझं माहेर गिरगावातलं. 1996 साली लग्न होऊन माटुंग्याला आले. सासर पालघाटी तमिळ. म्हणजे मूळ गाव केरळातल्या पालक्काडजवळ, घरात बोलणं तमिळ, आणि त्यात मल्याळम शब्दांची पेरणी. सासूबाईंना सगळे अम्मा म्हणायचे, मीही म्हणू लागले. माहेरी आमच्या लेखी 'साउथ इंडियन' म्हणजे इडली, डोसा, मेदूवडा, संपलं. किंग्ज सर्कलला 1940 पासूनचं कॅफे मद्रास, स्टेशनजवळ 1942 पासूनचं रामा नायकांचं बोर्डिंग, तिथे वर्षातून एकदा जाणं ही चैन. सासरी आल्यावर कळलं की इडली-डोसा ही नुसती ओसरी होती. माजघरात तट्टै, सीडै, ओमप्पोडी, रिबन पकोडा, अधिरसम, चार तऱ्हांच्या पोड्या, म्हणजे कोरड्या चटण्या, आणि उन्हाळ्यात गच्चीवर वाळणारे वडाम असं सगळं डब्यांत भरून ठेवलेलं होतं, आणि त्यातलं एकही हॉटेलच्या पाटीवर नव्हतं.

पहिल्या दिवाळीला मी हौसेने आईच्या भाजणीच्या चकल्या केल्या. अम्मांनी एक खाल्ली, दुसरी घेतली, आणि म्हणाल्या, "चांगली आहे गं. पण ह्यात तांदूळ कुठे लपलाय?" मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी स्वतःचा डबा पुढे केला. त्यात फिकट, दोरीसारखा पीळ दिलेला, एकात एक वेढे असलेला कै मुरुक्कु होता. तमिळमध्ये कै म्हणजे हात आणि मुरुक्कु म्हणजे पीळ. सोऱ्या नाही, साचा नाही. तांदळाचं पीठ, नावापुरतं भाजलेल्या उडदाचं पीठ, लोणी, जिरं, हिंग, मीठ, आणि तळण खोबरेल तेलात. तिखट नाही, हळद नाही, धणे नाहीत. पहिला तुकडा तोंडात टाकला तेव्हा अळणीच वाटला. तिसऱ्या तुकड्याला तांदळाचा गोडवा कळला आणि डबा माझ्याच मांडीवर राहिला.

धंदा करायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. 2009 मध्ये नवऱ्याची कंपनी बंद पडली, माटुंग्याची जागा सोडून आम्ही डोंबिवलीला आलो. अम्मा दर गोकुळाष्टमीला ओळखीच्या वीसेक घरांत भक्षणम, म्हणजे फराळाचं, वाटायच्या. 2010 च्या अष्टमीला मी त्यांना भीतभीत विचारलं, की या वेळी पैसे घेऊया का? त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "घे. पण हिशेब तू ठेव, मला दाखवू नकोस." त्या महिन्यात 11 किलो माल गेला. डोंबिवलीत तमिळ, मल्याळी, कानडी वस्ती भरपूर, त्यामुळे पहिली गिऱ्हाइकं आपसूक आली. आणि सगळ्यात जास्त नावं ठेवली तीही त्यांनीच, कारण प्रत्येकाच्या जिभेवर आपापल्या आईचा मुरुक्कु बसलेला.

आता पिठाबद्दल थोडं, कारण फोनवर हेच जास्त विचारतात. बाजारचं तांदळाचं पीठ चालत नाही. कच्चा, म्हणजे न उकडलेला, तांदूळ धुऊन तासभर भिजवायचा, निथळायचा, सुती कापडावर सावलीत पसरायचा आणि दमट असतानाच दळायचा. हातात घेतल्यावर मूठ वळली पाहिजे, पण तळव्याला ओल लागता कामा नये. उन्हात वाळवला की पीठ कोरडं होतं आणि पिळाला तुटतं. दुसरी गोष्ट, पीठ एकदम मळून ठेवायचं नाही. मळलेलं पीठ तासभर राहिलं की मुरुक्कु तांबूस तळला जातो. म्हणून आम्ही आजही दोन-दोन किलोचेच घाणे घेतो. पीठ मळायचं मोठं यंत्र विकायला आलेल्या गृहस्थांना हे पटवता पटवता माझी संध्याकाळ गेली होती.

आणि सीडै. उप्पु सीडै म्हणजे बोराएवढ्या खाऱ्या गोळ्या, अष्टमीचा मुख्य पदार्थ. दिसायला इतक्या साध्या की पोरांना वळायला बसवावं. 2011 साली अम्मा पालक्काडला गेल्या होत्या आणि 6 किलोची ऑर्डर मी एकटीने घेतली. पहिला घाणा नीट झाला. दुसरा तेलात सोडला, अर्धा मिनिट गेलं असेल, आणि एक गोळी फटाक्यासारखी फुटली. मग दुसरी. मग सगळी कढईच. तेल छतापर्यंत गेलं. उजव्या मनगटावर डाग अजून आहे. मी गॅस बंद करून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि बाहेर उभी राहून आतले आवाज ऐकत राहिले. त्या दिवशी ऑर्डर गेली नाही, पैसे परत केले.

अम्मा आल्या, त्यांनी आधी हात पाहिला आणि मग पीठ. "चाळलं किती वेळा?" एकदा. "मीठ?" तसंच टाकलं, खडे. "गोळ्या कशा वळल्या?" छान, गुळगुळीत, मोत्यासारख्या. तिथेच चुकलं होतं. गोळी घट्ट आणि गुळगुळीत वळली की बाहेरचं कवच आधी पक्कं होतं, आतली वाफ कोंडते आणि वाट न मिळाल्याने ती गोळी फोडून बाहेर येते. उडदाची एखादी कणी किंवा मिठाचा खडा राहिला तरी तेच. आता तांदळाचं पीठ मंद आचेवर भाजतो. किती, तर चिमटीत धरून कोलम, म्हणजे आपली रांगोळी, घालता येईल इतकं मोकळं होईपर्यंत. मग ते आणि उडदाचं पीठ दोनदा चाळतो, मीठ पाण्यात विरघळवून गाळून घालतो, गोळ्या सैल आणि ओबडधोबड वळून कापडावर सुकवतो आणि प्रत्येकीला सुईने टोचतो. हो, प्रत्येकीला. आमच्या सीडैचा भाव बघून नाक मुरडणाऱ्यांना मी एकदा सुई घेऊन बसायला बोलावते. अजून कुणी आलेलं नाही.

2014 मध्ये घरातून बाहेर पडून एक छोटा गाळा भाड्याने घेतला. 2015 मध्ये मुद्रा योजना आली, तिच्यातून पॅकिंगचं यंत्र आलं. पिशवीतली हवा काढून नायट्रोजन भरला की माल खवट व्हायला वेळ लागतो. त्याआधी पावसाळ्यात परत आलेली पाकिटं मोजायला माझं मन व्हायचं नाही.

जीएसटीने मात्र करमणूक केली. 2017 मध्ये पाकीटबंद नमकीनवर 12 टक्के लागले, पापडावर शून्य. म्हणजे एकाच फडताळातल्या दोन डब्यांपैकी अप्पळमला माफी आणि मुरुक्कुला दंड! नमकीनचा दर 5 टक्क्यांवर यायला सप्टेंबर 2025 उजाडलं.

जीएसटी आला त्याच सुमारास एका मोठ्या दुकान-साखळीने माल मागितला. आम्ही हुरळून गेलो. पहिल्या बैठकीत त्यांचा माणूस म्हणाला, रंग जरा आणा, तिखट घाला, 'पेरी पेरी' करून बघा, महाराष्ट्रात फिकं चालत नाही. नवरा म्हणाला करून बघू. मी म्हटलं, मग तो मुरुक्कु कशाला, चकलीच करते, तीही मला येते. शेवटी साध्या मुरुक्कुवर तडजोड झाली. माल गेला, पैसे कुठले यायला! लहान उद्योगांना 45 दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे हे मला त्यांच्यामुळेच कळलं. पाच महिन्यांनी निम्मे मिळाले. तेव्हापासून माल थेट घरांत, सोसायट्यांत आणि तीन ओळखीच्या वाण्यांकडेच जातो.

तिखटावर माझा राग नाही, एवढं सांगते. जिथलं तिथे हवं. मिळगाय पोडीत, म्हणजे इडली-डोशाबरोबरच्या मिरचीच्या कोरड्या चटणीत, आम्ही हात आखडत नाही. उडीद डाळ, हरभरा डाळ, तीळ, हिंग आणि सुक्या मिरच्या. रंगाला ब्याडगी, झणक्याला गुंटूर. खाताना मात्र वर तिळाचं तेल घाला. कित्येकजण तूप घालतात, कुणी दही. अम्मांच्या देखत कुणी दही घातलं तर त्या उठून आत जायच्या.

2015 च्या आसपास कै मुरुक्कु जवळजवळ बंद करायची वेळ आली होती. अम्मांची बोटं आखडू लागली. येणाऱ्या बायकांना सोऱ्याचे प्रकार दोन दिवसांत यायचे, पण हाताचा पीळ कुणाला जमेना. पिठाची दोरी अंगठा आणि दोन बोटांत धरून, पीळ देत देत, बाहेर बाहेर वेढे वाढवत न्यायची आणि मध्ये तुटू द्यायची नाही. मी स्वतः एकोणीस वर्षं बघत होते आणि तीन वेढ्यांच्या पुढे जात नव्हते. मग साताऱ्याकडच्या एक मावशी कामाला आल्या, वय पंचावन्न. दक्षिणेचा कधी संबंध नाही, मुरुक्कु हा शब्दही नीट उच्चारता येईना, आजही 'मुरकू' म्हणतात. चौथ्या दिवशी त्यांनी पाच वेढ्यांचा अखंड मुरुक्कु ताटाच्या पाठीवर उतरवला. अम्मा बघतच राहिल्या. मी विचारलं, "मावशी, हे कसं?" त्या म्हणाल्या, "अगं, हे तर वळवटच. रुखवतासाठी गव्हले-मालत्या कमी वळल्यात का मी?"

चिमटीत पिठाला पीळ द्यायची जी सवय तिकडे तमिळ आज्यांच्या बोटांत आहे, ती आपल्याकडे गव्हले वळणाऱ्या बोटांत होतीच. आम्ही ती चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. तेव्हापासून कामावर घेताना स्वयंपाक येतो का हे मी विचारत नाही. वळवट केलंय का, विचारते. आज नऊजणी आहेत. त्यातल्या सहा घाटावरच्या, एकही तमिळ नाही.

अधिरसमचंही तसंच. तांदूळ भिजवून, दमट दळून, गुळाच्या पाकात घालून मुरत ठेवायचं. आपल्या अनारशाची सख्खी बहीण, फक्त खसखस नाही. पाक चुकला की तीही अनारशासारखी तेलात हसते, हे सांगितल्यावर आमच्या बायकांना पुढचं काही शिकवावं लागलं नाही.

2019 मध्ये अम्मा गेल्या. त्यानंतरचं वर्ष टाळेबंदीचं. गाळा दोन महिने बंद, पण घरी अडकलेल्या लोकांनी पोडी आणि सांबार पूड इतकी मागवली की मुलाने दुचाकीवरून डोंबिवली पालथी घातली. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल भडकलं, आणि 2025 च्या पावसाळ्यात खोबरेल तेलाने लिटरमागे चारशेचा आकडा ओलांडला. सोऱ्याचे प्रकार आम्ही शेंगदाणा तेलावर नेले, कै मुरुक्कु खोबरेलातच ठेवला आणि भाव वाढवला. काही जुनी गिऱ्हाइकं तुटली. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरून ही तूट भरून काढता आली असती, पण 2018 पासून त्यावर मर्यादा आहे, आणि मर्यादा नसती तरी खवट तेल मुरुक्कुत लपत नाही. चकलीत एकवेळ मसाल्याखाली लपेल.

2023 मध्ये मणप्पारै मुरुक्कुला भौगोलिक मानांकन मिळाल्याचं वाचलं आणि त्याच हिवाळ्यात आम्ही दोघं तिकडे गेलो. तिरुच्चिरापल्लीहून दिंडुक्कलच्या वाटेवर हे गाव. फलाटावर मुरुक्कुची पाकिटं विकायला येतात, आपल्याकडे कर्जतला वडे येतात तशी. तिथले लोक श्रेय देतात गावच्या किंचित खारट पाण्याला. मला जास्त भावलं ते दुहेरी तळण. अर्धवट तळून बाहेर काढायचा, निवू द्यायचा, मग पुन्हा तळायचा. आल्या आल्या सोऱ्याच्या मुरुक्कुवर करून पाहिलं. कुरकुरीतपणा वाढला, गॅसचं बिलही वाढलं. आता तो प्रकार फक्त दिवाळीत करतो.

सध्या आमचं जास्त काम लग्नांचं आहे. तमिळ लग्नात सीर भक्षणम द्यायची रीत आहे. मुरुक्कु, लाडू, अधिरसम, म्हैसूर पाक असे पाच किंवा सात जिन्नस, आणि मध्ये परुप्पु तेंगाय नावाचं शंकूच्या आकाराचं गोड. आपलं रुखवतच म्हणा. त्यातला मुरुक्कु सुत्तुवर, म्हणजे वेढ्यांवर, मोजतात. पाच, सात, नऊ, मोठ्या घरचं असेल तर अकरा. अकरा सुत्तुचा मुरुक्कु ताटाएवढा होतो आणि तळताना दोन झाऱ्यांवर उचलावा लागतो. गेल्या मार्गशीर्षाआधी मुलुंडच्या एका लग्नाला तसे एकवीस दिले, फुटतील म्हणून एकतीस केले. अकराचे आमच्याकडे दोघींनाच जमतात, मावशींना आणि त्यांच्या सुनेला. माझा अजून आठव्या वेढ्यालाच तुटतो, आणि ते तुटलेले संध्याकाळच्या चहाबरोबर सगळ्यांना पुरतात.