सायनाइडच्या टेकडीतला मूठभर गाळ

कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. मात्र शतकाहून अधिक काळ सोने काढून घेतल्यावर फेकलेल्या, पिठासारख्या दळलेल्या खडकाच्या टेकड्या केजीएफमध्ये, म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्समध्ये, आजही उभ्या आहेत. दळलेल्या खडकातले सोने सायनाइडच्या द्रावणात विरघळवून काढत, म्हणून लोक त्यांना सायनाइडच्या टेकड्या म्हणतात. नाव काहीसे फसवे आहे, कारण मोकळा सायनाइड ऊन आणि हवा लागून बराचसा नष्ट होतो, पण ज्या खनिजांची ही टेकडी बनली आहे ती तिथेच राहतात.

असा गाळ मी पहिल्यांदा एक्स-रे डिफ्रॅक्शनला, म्हणजे क्ष-किरणांनी खनिजे ओळखणाऱ्या यंत्राला, लावला, तेव्हा आलेखावर क्वार्ट्झ, हॉर्नब्लेंड, प्लॅजिओक्लेज आणि थोडे क्लोराइट ही खडकातली नेहमीची खनिजे दिसली. सोन्याचा मागमूसही नव्हता. टनामागे एक ग्रॅमहूनही कमी असलेले सोने, साधारण टक्काभर असल्याशिवाय खनिजाची दखल न घेणाऱ्या यंत्राला दिसणार तरी कसे?

म्हणून आधी तोच गाळ परातीत पाण्याने घोळवून जड कण वेगळे करावे लागतात. त्यांत पायराइट आणि चुंबकाला चिकटणारे पिऱ्होटाइट ही लोह-गंधकाची खनिजे, आर्सेनिक असलेले आर्सेनोपायराइट आणि शीलाइट सापडते. शीलाइट हे टंगस्टनचे खनिज. आखूड लहरींच्या अतिनील दिव्याखाली ते निळसर पांढरे चमकते, आणि अंधाऱ्या खोलीतील तो क्षण मला अजूनही लहान मुलासारखा आवडतो. कोलारच्या गाळातून टंगस्टनसाठी ते काढलेही गेले होते.

खरा प्रश्न सोने किती आहे यापेक्षा ते कोठे बसले आहे, हा असतो. क्वार्ट्झच्या कणात कोंडलेले सोने आणखी बारीक दळून मोकळे करता येते, पण आर्सेनोपायराइटच्या स्फटिकरचनेतच सामावलेल्या सोन्यापर्यंत, ते खनिज भाजून किंवा जिवाणूंकरवी फोडल्याशिवाय, सायनाइड पोहोचत नाही. शिवाय ते फुटले की आर्सेनिक मोकळे होते आणि त्याची सोय करावीच लागते. पिऱ्होटाइट तर सायनाइड आणि प्राणवायू दोन्ही खाते, आणि उघड्यावर लवकर गंजून आम्लही तयार करते. जवळ पुरेसे कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचे खनिज, असेल तरच ते आम्ल शमते.

त्यामुळे टेकडीच्या माथ्यावरून फावड्याने उचललेला नमुना मी आता स्वीकारत नाही. वरचा थर गंजून पिवळट तांबूस झालेला असतो, आणि काही मीटर खाली तोच गाळ अजून करडा असतो.